ऐकू आल्याचा रकाना

कानांवरची झाकणं काढून घेता घेता कान तपासणारी मुलगी अगदी सहज म्हणाली, "सात वेळा तुम्ही आवाज नसताना बटण दाबलंत."

तपासून घेणाऱ्या बाईने हातातल्या बटणाकडे पाहिलं. पेरूएवढा काळा गोळा, वर लाल टिकली, खाली वायर. त्या कपाटाएवढ्या खोलीत ती वीस मिनिटं बसली होती. भिंतींना भोकाभोकांचं करडं अस्तर, दाराला वीतभर जाडी, आणि दार लागल्यावर अशी शांतता की स्वतःच्या गिळण्याचाही आवाज यावा. नियम एका वाक्याचा होता. आवाज आला की दाबायचं, नाही आला तर नाही. इतका साधा नियम गेली एकतीस वर्षं ती दुसऱ्यांना सांगत आली होती. दिसलं ते लिहा, नाही दिसलं ते लिहू नका. आणि सात वेळा! तिला आता आठवलं, आवाज थांबून बराच वेळ गेला की छातीत काहीतरी हलायचं. एव्हाना आला असेल, इतरांना आला असता, आपल्यालाच नाही आला. मग अंगठा आपसूक खाली जायचा. ते खोटं म्हणावं असं नव्हतं, आणि खरं म्हणावं असंही नव्हतं. मुलीला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. ती म्हणाली, "सगळेच दाबतात हो. नापास व्हायला कुणाला आवडतं?" मग तिने समजावून सांगितलं की डावा कान चाळीस टक्के गेला आहे, उजवा वयाच्या मानाने चांगला आहे, यंत्र लावायचं का ते सहा महिन्यांनी पाहू. कागदावर आलेख होता, खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, चुकीचे प्रतिसाद : ७.

बाहेर उन्हात आल्यावर तिला त्या चाळीस टक्क्यांचं काही वाटेना. वय छप्पन्न, काहीतरी जायचंच. थोरल्या बहिणीने, ताईने, महिनाभर पिच्छा पुरवला म्हणून ती आली होती. ताईचं म्हणणं, तू डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला उत्तरच देत नाहीस, लोकांना वाटतं शिष्ट आहे. लोकांना ती शिष्ट वाटण्याची बाकीही कारणं होती. ती ज्या कार्यालयात काम करायची ते कुठल्याच खात्याच्या हाताखाली नव्हतं. सगळ्या खात्यांनी जे केल्याचं सांगितलं ते खरंच केलं का, हे पाहणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे या कार्यालयातल्या माणसांना चहाला सगळे बोलवत आणि जेवायला कुणी बोलवत नसे. तिचं टोपणनाव टाचणी. ज्या कागदाबद्दल शंका, त्याला चिठ्ठी टाचून परत पाठवायची तिची सवय. रस्त्याने जाताना ती एकेक आवाज मोजत चालली. हातगाडीच्या चाकाचा, शटर खाली ओढल्याचा, मागून येणाऱ्या बाईच्या चपलांचा. प्रत्येक आवाजाला ती मनात विचारत होती, आलास का खरंच? की मीच बटण दाबलं?

दुसऱ्या दिवशी टेबलावर भोंग्यांची रजिस्टरं होती. शहराच्या वर नदीवर धरण, आणि धरणातून अचानक पाणी सोडावं लागलं तर काठच्या वस्त्यांना सावध करायला सात वर्षांपूर्वी अडतीस भोंगे बसवले होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता चाचणी. रजिस्टरात भोंग्याचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि शेवटचा रकाना, 'आवाज ऐकू आला / नाही'. तिने पानं उलटली. खूण, खूण, खूण. निळ्या शाईची, एकाच बाकाची, शेपटी उजवीकडे झुकलेली. सात वर्षांत अडतिसापैकी एकही भोंगा एकदाही नापास झाला नव्हता. तिला हसू आलं. अडतीस माणसं एका रांगेत उभी केली तर त्यातली दोन तरी शिंकतात. आणि मग तिची नजर क्रमांक बावीसवर गेली. ठिकाण, पाण्याची टाकी. टाकी म्हणजे तिच्याच गल्लीच्या टोकाची टाकी. तिच्यावरचा तो करडा कर्णा तिने रोज पाहिला होता, कावळा बसलेला पाहिला होता. ऐकला मात्र कधीच नव्हता.

सोमवारी अकराला ती कार्यालयात असायची, म्हणून ऐकला नसेल, हे पहिलं उत्तर. पण बिनपगारी रजा काढून ती एक अख्खं वर्ष घरी होती. नवऱ्याला झटका आला ते वर्ष. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि आवाज सोसेनासा झाला. भांडं पडलं तरी तो लहान मुलासारखा दचकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. तिने दाराची घंटा काढून टाकली होती. खुर्च्यांच्या पायांना जुन्या चादरीचे तुकडे बांधले होते. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला हात जोडून सांगितलं होतं, पाटा दुपारी नका हो ओढू. त्या वर्षी तिला गल्लीतला एकूण एक आवाज तोंडपाठ होता. पेपरवाला सायकल कुठे टेकवतो, समोरच्यांचा नळ किती वाजता खोकतो, सगळं. ज्या बाईने घड्याळाची टिकटिक नको म्हणून सेल काढून ठेवला होता, तिला तीनशे पावलांवरचा भोंगा ऐकू आला नाही? तो वाजलाच नव्हता. रजिस्टरात मात्र त्या वर्षाच्या बाराही सोमवारी खूण होती. तिने एक चिठ्ठी लिहिली आणि इतक्या जोराने टाचली की टाचणी बोटात घुसली. हा राग आहे असं तिला वाटलं, आणि बरंही वाटलं. बऱ्याच वर्षांत तिला कशाचा इतका सरळ राग आला नव्हता.

तिचे साहेब माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, रक्तदाब, आणि कुठल्याही भांडणात आधी चष्मा पुसायची सवय. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की अहवाल बारा दिवसांत द्यायचा आहे, रजिस्टरं पूर्ण आहेत, सह्या आहेत, 'नोंदी समाधानकारक' असं लिहून मोकळं व्हावं. ती म्हणाली, नोंदी समाधानकारकच आहेत, भोंग्यांचं विचारतेय मी. साहेबांनी सुनावलं की टाचणीने कागद टाचावेत, धरण फोडायला निघू नये. पण मग तेच स्वतःशी पुटपुटल्यासारखं म्हणाले, की माझी बहीण नदीकाठीच राहते. शेवटी साहेबांनी धरण खात्याच्या मुख्य अभियंत्याला बोलावणं धाडलं.

मुख्य अभियंता उंच, हळू बोलणारा, हाताची बोटं स्वच्छ. त्याने सांगितलं की अडतीस भोंगे एकदम वाजवून दाखवणं शक्य आहे, पण लोक घाबरतील, पळापळ होईल, कुणी पडलं-झडलं तर जबाबदार कोण? आधी कळवू, ती म्हणाली. कळवलं तरी लोक घाबरतातच, तो म्हणाला. आणि मग बोलण्याच्या ओघात त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि समजा एखादा वाजलाच नाही, तर?"

खोलीत पंखा फिरत होता. त्याला स्वतःचा प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकू आला असावा, कारण तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"तर ते आज कळेल," ती म्हणाली. "पाणी येईल त्या दिवशी कळण्यापेक्षा."

मग तो सावरला. त्याने विचारलं, शंकेला आधार काय? रजिस्टरं तर पूर्ण आहेत. तिने टाकीचं सांगितलं, रजेचं सांगितलं. नवऱ्याचं थोडक्यात सांगितलं, कारण ते परक्यासमोर लांबवण्यासारखं नव्हतं. त्यावर तो फार नम्रपणे म्हणाला, की एका व्यक्तीच्या आठवणीवर खात्याने सगळा नदीकाठ हलवायचा का? ती हे विचारलं जाण्याची वाटच पाहत होती. तिने पिशवीतून कानाच्या तपासणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. आदल्या दिवशी तिने बराच विचार केला होता. हा कागद कुणी मागितला नव्हता, कुणाला माहीतही नव्हता. पण उद्या कुणीतरी शोधून काढील आणि अख्खा अहवाल या एका कानाने खाली ओढील. त्यापेक्षा आपणच. अभियंत्याने कागद वाचला. साहेबांनीही मान वाकडी करून वाचला. 'चुकीचे प्रतिसाद : ७' या ओळीवर अभियंत्याचं बोट थांबलं.

"म्हणजे तुम्हाला नसलेले आवाज ऐकू येतात."

"येतात. पण असलेला आला नाही, हे मी सांगतेय. तो कागद फाईलला लावा. माझं म्हणणंही लावा."

साहेब हसले, अभियंताही थोडासा हसला. तिला मात्र कानशिलं तापल्यासारखं झालं. स्वतःची चड्डी भर चौकात वाळत घालावी तसं काहीतरी आपण केलं आहे, आणि तरी करायलाच हवं होतं, असं दोन्ही एकदम वाटलं.

नियंत्रण कक्षात ती दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. धरणाच्या पायथ्याशी बैठी इमारत, पायऱ्यांवर शेवाळ, आत टेबलभर दिवे. खुणा करणारा ऑपरेटर तिथे होता. ती रस्ताभर त्याचा चेहरा मनात रंगवत आली होती, पान खाऊन लाल झालेलं तोंड, आडवं बोलणं. प्रत्यक्षात तो बारीक, नीटनेटका, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेला. दिव्यांवरची धूळ पुसायला त्याने घरून मऊ फडकं आणलं होतं. त्याने तिला न विचारता चाचणी करून दाखवली. एक कळ दाबली, अडतीस हिरवे दिवे लागले. झालं. बाहेर नदीवर काहीच वाजलं नाही. तिने विचारलं, आवाज? तो म्हणाला, ही शांत चाचणी. दिवा लागला म्हणजे निरोप खांबापर्यंत पोचला. पुढे कर्णा वाजेल की नाही ते दिव्याला कळत नाही. मग 'ऐकू आला'वर खूण कशी? तो फडक्याची घडी घालत राहिला. म्हणाला, रकाना जुना आहे बाई. बदलून द्या म्हणून दोनदा लिहिलं. हिरवा लागला की खूण करायची, असं सांगितलं गेलं. मी इथं बसतो, कान तिकडं कसे नेऊ? कुणी सांगितलं, तिने विचारलं. त्याने फडकं दिव्यांशेजारी ठेवलं. वरून फोन आला होता, कागद नाही. भोंग्यांनी लोक वैतागले होते, तक्रारी होत्या, वर्तमानपत्रात आलं होतं, म्हणून तोंडी आदेश. शांतपणे करा.

त्याच्या मनगटाची हाडं वर आलेली होती, अगदी तिच्या वडिलांसारखी. वडील एका कारखान्यात बॉयलरवर होते. दर महिन्याला तपासनीस यायचा, बॉयलरपासून लांब खुर्ची टाकून चहा प्यायचा, आणि 'झडप तपासली' या ओळीखाली स्वतः सही करून कागद वडिलांपुढे सरकवायचा. वडील सही करायचे. झडप कुणी तपासायचं नाही. आणि बॉयलर कधीच फुटला नाही. वडील निवृत्त झाले, तपासनीस मोठा साहेब झाला, कारखाना बंद पडला. कुणाच्या अंगावर साधा चटकाही आला नाही. पण घरी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी फुसफुस होते ना, ती सुरू झाली की वडिलांचा घास हातात थांबायचा. ती पंधरा वर्षांची असताना एकदा ते म्हणाले होते, फुटला नाही ही त्या झडपेची कृपा, माझ्या सहीची नव्हे. पुढे काही बोलले नाहीत, ताटातलं संपवलं आणि उठले. तिला वाटायचं, निदान एकदा फुटला असता तर यांना रडता तरी आलं असतं.

"माझं नाव येईल का?" ऑपरेटरने विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"सही तुमची आहे. येईल. पण फोनचं लिहून दिलंत तर तेही येईल. नाही दिलंत तर तुमचं एकट्याचंच येईल."

त्याने खणातून पेन काढलं. मग त्याने विचारलं, कोऱ्या कागदावर चालेल ना? आणि लिहायला बसला. अक्षर खुणांसारखंच, उजवीकडे झुकलेलं. लिहिता लिहिता त्याने तारीख आठवायला डोकं वर केलं आणि म्हणाला, पहिले दहा महिने मात्र खरे वाजवले हो. बसवल्यापासून दहा महिने, दर सोमवारी... म्हणजे पहिल्या सोमवारी. मीच वाजवायचो. इथवर ऐकू यायचे. त्यानंतर बंद.

ती परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून बोटांवर महिने मोजू लागली. तिने तीनदा मोजले. बसवले त्या महिन्यापासून दहा महिने. नवऱ्याला झटका आला तो महिना, आणि गेला तो महिना. ते दहाही महिने तिच्या रजेच्या वर्षात मावत होते. म्हणजे भोंगा वाजत होता. तीनशे पावलांवर, दहा वेळा, पूर्ण आवाजात. आणि ती घरात होती, खुर्च्यांना चादरीचे तुकडे बांधत. हिशोब बरोबर होता. चुकली असेल तर ती. बसमधल्या लोकांचं बोलणं डावीकडून पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. कान तेव्हापासूनच गेला होता का? पण उजवा? माणूस किती ऐकत नाही, याला काही माप असेल का?

ताई ओट्याशी भाजी निवडत होती. ताई तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मदतीला म्हणून या घरी आली आणि मग इथलीच झाली. तिने सरळ विचारलं. टाकीवरचा भोंगा तेव्हा वाजायचा का?

ताईचे हात थांबले. "वाजायचा की," ती म्हणाली. "तू झोपलेली असायचीस."

आणि मग ते एकदम आठवलं, म्हणजे कधी विसरलंच नव्हतं, फक्त त्या वर्षाच्या हिशोबात धरलं नव्हतं. रात्रभर ती नवऱ्याशी जागी असायची. सकाळी त्याचं अंग पुसून झालं की साडेदहाला ताई येऊन बसायची आणि ती आतल्या खोलीत जाऊन, दोन्ही कानांत कापूस घालून, तास-दीड तास दगडासारखी पडायची. सगळ्या दिवसातला तो एक तास. गल्लीतला एकूण एक आवाज पाठ असलेली बाई त्या तासाला कापूस घालून झोपलेली होती. ती उठून बाहेर यायची तेव्हा कधीकधी ताई त्याचे डोळे पुसत असायची. काय झालं म्हटलं की ताई म्हणायची, काही नाही गं, उगीच रडले. काही कारण नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का? भोंगा वाजतो, ते भितात, म्हणून तू तो तासही उशाशी बसून काढला असतास. तूही आडवी झाली असतीस, मग मी दोघांचं काय करणार होते?" ताईने एक देठ मोडला. "मी त्यांचे कान धरून बसायची. माझ्या हातांनी किती झाकणार? दोन मिनिटं वाजायचा. मग शांत व्हायचे."

तिने मान हलवली. तिला दवाखान्याची ती खोली दिसत होती. डॉक्टर विचारतात, काही नवीन? आणि ती खात्रीने, तारखांसकट सांगते, महिन्यातून एकदा तरी कारण नसताना रडतात. डॉक्टर ते लिहून घेतात. 'कारण नसताना.' मग गोळी वाढवतात. वाढलेल्या गोळीने तो दिवसभर गुंगीत असायचा. शेवटचे दोन-तीन महिने तर डोळे उघडून ओळखीचं पाहायचाही क्वचित. कारण होतं. तीनशे पावलांवर, टाकीवर, क्रमांक बावीस. तो डाव्या हाताने खिडकीकडे दाखवायचा म्हणे. ताईने प्रेमाने एक खूण केली होती, तिने विश्वासाने ती पुढे नेली होती, डॉक्टरने तिच्यावर सही केली होती. यातलं कुणीच वाईट नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? ताईची बोटं देठांच्या रसाने हिरवी झाली होती. तिने ताईसमोर बसून उरलेली जुडी ओढून घेतली आणि दोघी निवडत राहिल्या. जुडी संपत आली तेव्हा ताई म्हणाली, मला वाटलं तुला ठाऊक असेल. ती म्हणाली, नव्हतं. आणि तेवढ्यावर ते थांबलं, कारण सकाळी कामावर जायचं होतं.

सकाळी तिने पहिलं काम हे केलं की स्वतःचं म्हणणं फाईलमधून मागे घेतलं. काढून टाकलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, की क्रमांक बावीसचा भोंगा सदर काळात वाजत होता असं आता समजलं आहे, तेव्हा मी झोपलेली असे, म्हणून माझी आठवण पुरावा धरू नये. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना वाटलं, सुटलो. त्यांनी विचारलं, मग मागणीही मागे घेताय ना? शंकेचा आधारच गेला. ती म्हणाली, आधार गेला, शंका खरी निघाली. ऑपरेटरचं निवेदन आहे, सहा वर्षांत कुणी एकही भोंगा ऐकलेला नाही. साहेब म्हणाले, अहो, पण हे स्वतःचं लिहायची गरज काय होती? अभियंता याचा बाऊ करील. कुणी विचारलं होतं का?

"साहेब, मी खात्रीने सांगत होते. तारखांसकट. आणि ते खोटं होतं." तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा लागला असावा, कारण बाहेरच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. "आता माझ्यासकट कुणाच्याच सांगण्यावर नको. वाजवूनच बघायचं."

साहेबांनी कागद पुढे ओढला. कायद्याने त्यांच्या कार्यालयाला कुठल्याही खात्याकडे प्रत्यक्ष करून दाखवा असं मागता येत होतं. एकतीस वर्षांत ते कलम कुणी वापरलेलं तिने पाहिलं नव्हतं. साहेबांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारत बसले, लहानपणी पाटीवर मारतात तशी.

पुढचे सात दिवस तिने माणसं शोधली. अडतीस खांबांना अडतीस माणसं, आणि त्यात धरण खात्याचं कुणी नको. शाळेतले शिक्षक, पोस्टमन, एक न्हावी, दोन निवृत्त परिचारिका, वखारवाला, शिवणकाम करणाऱ्या बाया. प्रत्येकाकडे ती स्वतः गेली. खांबापासून शंभर पावलांच्या आत उभं राहायचं, अकराच्या अर्धा तास आधीपासून नंतर एक तास. मग फोन करून सांगायचं, आला किंवा नाही. आणि तिने कागदावर तिसरा रकाना काढला, 'सांगता येत नाही'. हे सांगताना ती प्रत्येकाजवळ थोडी जास्त थांबायची. खात्री नसेल तर नाही म्हणायलाही घाबरू नका, हो म्हणायची घाई करू नका, यात नापास कुणी होत नाही. न्हावी हसून म्हणाला, बाई, आमच्या धंद्यात अर्धं ऐकून अर्धं सोडायचं असतं, तुम्ही पहिल्याच भेटलात.

सोमवारी ती नियंत्रण कक्षात होती. बावीसला उभी राहिली नाही. तिथे ताई होती. रेडिओवर दोन दिवस सूचना चालू होती. अकराला ऑपरेटरने कळ दाबली, अडतीस हिरवे दिवे लागले, आणि या वेळी त्याने दुसरी, सहा वर्षं न दाबलेली कळही दाबली. खिडकीबाहेर लांबून एक आवाज उठला, जाड, घसा साफ करत असल्यासारखा, आणि वर चढत गेला. तिने मान वळवून उजवा कान तिकडे केला. मुख्य अभियंता भिंतीशी उभा होता. मग फोन सुरू झाले. एक, आला. दोन, आला. तीन, नाही. चार, नाही, पण आत काहीतरी घुरघुरलं. बावीस. ताईने नुसतं 'आला' म्हणायचं सोडून सांगितलं, आला, मोठा आला, अंगावर काटा आला बघ. फोन घेणारी ती मात्र 'बावीस, आला' एवढंच म्हणाली आणि ऑपरेटरने लिहिलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. अहवाल गेला, तोंडी आदेश देणाऱ्याचं नाव त्यात गेलं, त्याने कानांवर हात ठेवले, पण टेलिफोनच्या नोंदींनी ठेवू दिले नाहीत. ऑपरेटरला ठपका मिळाला आणि नोकरी राहिली. पाणी सोडायच्या हंगामाआधी सतरा कर्णे बदलले, बाकीचे नंतर, दोनदा स्मरणपत्रं धाडल्यावर. पण त्या सोमवारी हे काही ठाऊक नव्हतं. त्या सोमवारी साडेबारापर्यंत सोळा 'आला' होते, वीस 'नाही' आणि एक 'सांगता येत नाही', तो एका शिक्षकाचा, जो फोनवर फार ओशाळला होता. राहिला एक. क्रमांक एकतीस, नदीच्या वळणावरची वीटभट्टीवाल्यांची वस्ती, सगळ्यांत खालची. तिथे शिवणवाली उभी होती. तिचा फोन लागत नव्हता.

एक वाजला. अभियंता म्हणाला, क्रमांक तीस वाजला आहे, एकतीस त्याच्याच तारेवर आहे, वाजला धरायला हरकत नाही. ऑपरेटरने पेन उचललं आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "धरायचं नाही. रिकामं ठेवा." किती वेळ? कळेपर्यंत. अभियंता खुर्ची घेऊन बसला. साहेबांचा फोन आला, जेवलात का विचारायला. तिने नाही सांगितलं. तिला भूक नव्हती, राग नव्हता. त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहताना तिला इतकं मोकळं वाटत होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. काहीही असू शकत होतं. जे असेल ते येईल.

दोनला दहा कमी असताना अनोळखी क्रमांकावरून फोन आला. धाप लागलेला आवाज. वळणावर फोन लागतच नाही बाई, पुलापर्यंत चालत आले, इथं एकाचा मागून घेतला. तिने फोन उजव्या कानाला घट्ट धरला आणि विचारलं, आवाज आला का?

"नाही आला," शिवणवाली म्हणाली. "तुम्ही एक तास थांबा म्हणाला होतात. मी दीड तास थांबले. म्हटलं, न जाणो, उशिरा आला आणि मीच नसले तर."

तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि ऑपरेटरकडे वळून सांगितलं. त्याने पेन टेकवलं आणि त्या रकान्यात दोन अक्षरं लिहिली, सावकाश, गिरवल्यासारखी.